मनगटाचे म्हणणे

गेल्या पावसाळ्यात फळ्यावर ‘विभक्ती’ लिहिताना माझ्या हातून खडू सुटला. उचलला, पुन्हा सुटला! मुलांना मौज वाटली. मला घाम फुटला. करंगळी आणि शेजारचे बोट पार बधिर झाले होते.

“सायकल चालवता?” डॉक्टरांनी विचारले. हँडलवर रेलल्याने तळव्यातली नस दबत होती. चिरंजीवांच्या आग्रहाने घेतलेल्या नव्या सायकलचे हँडल काठीसारखे सरळ होते ना!

“पण बाबा, ग्रेम ओब्री पाहा!” चिरंजीव म्हणाले. या स्कॉटिश गड्याने १९९३ साली स्वतः बनवलेल्या सायकलीवर, हात छातीखाली दुमडून, तासात ५१.५९६ किलोमीटर कापले. सायकलीत धुलाईयंत्राचे बेअरिंग होते म्हणे! १९९४ साली त्या बैठकीवर बंदी आली.

“अरे, त्याला एक तास काढायचा होता, मला निवृत्तीपर्यंत खडू धरायचा आहे!”

वाचकहो, दोन पेन्सिली मुठींत सैल धरून डोळे मिटा आणि हात पुढे करा. पेन्सिली एका रेषेत राहत नाहीत. बाहेरची टोके आपल्याकडे झुकतात. मनगटाचे म्हणणे एवढेच आहे!

वडिलांच्या सायकलला होते तसे, मागे वळलेले उंच हँडल मी बसवून घेतले. पाठ ताठ झाली, तळव्यांवरचा भार बैठकीवर गेला. महिन्याभरात बोटे ताळ्यावर आली.

चिरंजीव हसले. परवा मात्र “माझी पंक्चर आहे” म्हणून माझीच सायकल घेऊन गेले. आज आठवडा झाला. ते पंक्चर अजून निघालेले नाही!