लांब शब्दांची भीती

‘पालघर’ लिहिताना अक्षरे चार. पण आपण म्हणतो ‘पाल-घर’, दोनच तुकड्यांत. ‘तारापूर’चेही तसेच: ता-रा-पूर. शब्दाचे असे तुकडे पाडायला आपल्याला कुणी शिकवलेले नाही. मग बोईसरच्या कारखान्यात मुलाखतीला आलेला, मराठी शाळेत शिकलेला हुशार मुलगा ‘फार्मास्युटिकल’पाशी का अडखळतो?

उणीव त्याच्या बुद्धीत नाही, आपल्या शिकवण्यात आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. आपण स्पेलिंगे घोकून घेतो. शब्दात जोर कुठे द्यायचा, हे मात्र क्वचितच सांगतो. मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही. इंग्रजीत एका तुकड्यावर भार पडतो, बाकीचे दबतात. तो भार चुकला की ऐकणाऱ्याला ओळखीचा शब्दही परका वाटतो.

मी बँकेत होतो तेव्हा नवे कारकून ‘हायपोथिकेशन’ या शब्दाला बिचकत. तारण दिलेला माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो, तो हा व्यवहार. त्याचे तुकडे पाडा: हाय-पॉ-थि-के-शन. शेवटी ‘शन’ आले की जोर बहुधा त्याच्या आधीच्या तुकड्यावर, म्हणजे इथे ‘के’वर. ‘इक’ आणि ‘इटी’ या शेपटांचाही नियम हाच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासूनचे. तिथलाच शब्द घ्या: ‘ॲटम’मध्ये जोर ‘ॲ’वर, पण ‘ॲटॉमिक’ म्हणताच तो ‘टॉ’वर सरकतो. ‘रेडिओॲक्टिव्हिटी’ सात तुकड्यांची खरी, पण जोराची जागा ‘टि’, हे कळले की तिची दहशत संपते. ‘पॉलिटिक्स’, ‘टेलिव्हिजन’ असे अपवाद आहेतच. अपवाद कोणत्या व्याकरणात नसतात?

कुणी म्हणेल, ही साहेबी उच्चारांची हौस कशाला? हौस नव्हेच. आपला मराठी हेल खुशाल राहू द्या. प्रश्न समोरच्याला कळण्याचा आणि समोरच्याचे आपल्याला कळण्याचा आहे. उत्तर येत असूनही शब्द उच्चारायच्या धास्तीने मुलगा गप्प बसतो आणि त्याच्यापेक्षा कमी जाणणारा, पण सफाईने बोलणारा पुढे जातो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. कारखाने दाराशी आहेतच. लघु-गुरू मोजत वृत्ते बांधणाऱ्या भाषेतल्या मास्तरांना हे शिकवणे जड नाही. फळ्यावर शब्द लिहावा, उभ्या रेघांनी तोडावा आणि भाराच्या तुकड्याखाली एक आडवी रेघ ओढावी. त्याला अनुदान लागत नाही, खडू पुरतो.