नागीण सुकते, एचआयव्ही राहतो

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत गरोदर बायाही बांधीत उतरतात. पायांना चिखल्या होतात, अंगाला खाज सुटते. तिची दखल कोण घेणार? कमरेच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठला, की नागीण म्हणून जाणत्याकडे नेतात. दोन-चार आठवड्यांत फोड आपसूक सुकतात आणि श्रेय मंत्राला मिळते. पण तरुण गरोदर बाईला नागीण उठते तेव्हा प्रतिकारशक्ती खचलेली असू शकते, आणि त्यामागे एचआयव्ही असू शकतो. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के. वेळेवर औषधे मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येते. मंत्रात गेलेले आठवडे त्या बाळाचे असतात.

एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्या बाईचे पुरळ आणखी फसवे. ते गरोदरपणाचे असेल, नव्या गोळ्यांचे असेल, कुष्ठरोगाचेही असेल. पूर्व विदर्भातून तो अजून गेलेला नाही. तळहात-तळपायांवरचे न खाजणारे डाग सिफिलिसचे असू शकतात. तिथेच पुरळाविना, रात्री वाढणारी खाज यकृतात पित्त तुंबल्याची खूण असू शकते. दोन्हींत बाळ पोटातच दगावण्याची भीती. सिफिलिसवर पेनिसिलिनसारखे साधे, स्वस्त औषध आहे, पण आधी डाग कोणी बघायला तर हवेत! दुकानातले स्टेरॉइडचे मलम हे सारे झाकून टाकते. पुरळ आले म्हणून गोळ्या मनाने सोडणेही घातकच. सोबत ताप असेल, तोंडात फोड असतील, कातडी सोलवटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोष त्या बाईच्या माथी मारू नका. लाखांदूरहून भंडाऱ्याला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. शिवाय शेजारीपाजारी डाग पाहतील, संशय घेतील, म्हणून ती पदर ओढून घेते. तिचा आजार गुप्त ठेवणे आणि तिला भेदभावाविना वागवणे ही १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याची सक्ती आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. त्या दिवशी आडोशात, पुरेशा उजेडात प्रत्येकीची त्वचाही तपासली जावी. नागीण दिसली, तर आधीचा अहवाल निगेटिव्ह असला तरी तिच्या संमतीने पुन्हा एचआयव्ही चाचणी व्हावी. आशाताईंच्या घरभेटीत खाजेचा प्रश्न यावा. जिल्हा आरोग्य विभागाने येत्या ९ तारखेलाच याची सुरुवात करावी.