सूत्रे सोपवताना

‘ग्रंथाचा कर्ता कोण?’ हा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर वर्गात दरवर्षी केव्हा ना केव्हा निघतोच. पाठचिकित्सा शिकवताना तो निघतो, संतवाङ्मयातील प्रक्षेपांची चर्चा करताना निघतो आणि बहुधा ठरीव उत्तरांनी तो संपतोही. मागच्या वर्षी मात्र एका विद्यार्थ्याने तो संपू दिला नाही. तो म्हणाला, “सर, आम्ही जो अंतराळातला गेम खेळतो त्याचा डायरेक्टर बदलला आणि गेमच बदलला. नाव तेच, पण आतलं सगळं वेगळं. मग तो गेम आता कोणाचा?” वर्ग हसला. मीही हसलो, परंतु माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. आपण तो इतकी वर्षे तळटीपेत ढकलत आलो, एवढेच.

प्रथम त्या खेळाविषयी. ‘स्टेलॅरिस’ हा व्यूहरचनेचा खेळ स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या संस्थेने मे २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. खेळणाऱ्याने एका ताऱ्यापासून आरंभ करायचा, ग्रह वसवायचे, परक्या जीवजातींशी तह किंवा युद्ध करायचे आणि शतकांच्या हिशेबाने एक साम्राज्य उभारायचे, असे त्याचे स्वरूप. छापील पुस्तक एकदा छापले की स्थिर होते. हा खेळ मात्र प्रसिद्ध झाल्यावरही लिहिला जातच राहिला. त्याच्या आवृत्त्यांना बराच काळ विज्ञानकथालेखकांची नावे देण्याची प्रथा होती. त्यांत क्लार्क आहेत, चापेक आहेत, ल ग्विन आहेत, लेम आहेत. साहित्याच्या प्राध्यापकाला कुतूहल वाटावे, एवढे निमित्त पुरेसे होते.

या खेळाची सूत्रे आरंभी हेन्रिक फॉरेउस यांच्याकडे होती. त्यांच्याकडून ती मार्टिन अनवार्ड यांच्याकडे आली. अनवार्ड यांच्या काळात, फेब्रुवारी २०१८च्या आवृत्तीत, ताऱ्यांमधील प्रवासाच्या तीन पद्धतींपैकी दोन काढून टाकण्यात आल्या आणि ठरलेल्या मार्गांनी जाण्याची एकच ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ल ग्विन’ ही आवृत्ती आली. ग्रहाच्या पृष्ठभागावर चौकोन मांडून वस्ती करण्याची मूळ रचना तिने मोडली आणि अर्थव्यवस्था नव्याने रचली. जुने खेळाडू संतापले. नवी रचना संगणकाला जड जाते, खेळातील संगणकीय प्रतिस्पर्ध्यांना ती पेलत नाही, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. नेमक्या त्याच सुमारास अनवार्ड दुसऱ्या खेळाकडे गेले आणि सूत्रे डॅनियल मोरेगॉर्ड यांच्या हाती आली. पूर्वसूरीने भिंत पाडून ठेवलेली आणि घरात माणसे राहत आहेत, अशा स्थितीत त्यांना कामाला लागावे लागले. पुढे ही जबाबदारी स्टीफन म्युरे यांच्याकडे गेली.

या हस्तांतरांच्या कथेतील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. २०२१ मध्ये या संघात एक वेगळा गट निर्माण करण्यात आला. नवे काही विकण्यासाठी घडवणे हे त्याचे काम नव्हते. आधीच्यांनी केलेले जपणे, दुरुस्त करणे आणि त्याची नव्याशी सांगड घालणे हे त्याचे काम. त्यांनी त्याला जे नाव दिले त्याचा मराठी प्रतिशब्द मला ‘विश्वस्त’ असा सुचतो. दुसरी गोष्ट अशी, की खेळाच्या जुन्या आवृत्त्या नष्ट केल्या जात नाहीत. नवी रचना ज्याला मानवत नाही, तो मागची आवृत्ती उतरवून घेऊन खेळू शकतो. बदलाचा अधिकार नव्या सूत्रधाराला मिळतो, पण त्याने काय बदलले याचा पुरावाही शाबूत राहतो.

आता आपल्या घरी येऊ. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे. मराठी वाङ्मयातील दोन थोर हस्तांतरे या एकाच गावात, एकाच माणसाच्या आयुष्यात घडली. पहिल्यात एकनाथ स्वीकारणारे आहेत, दुसऱ्यात सोपवणारे.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मधल्या काळात लेखकांच्या चुकांनी आणि भाविकांच्या हौसेने पाठ बिघडला होता. नाथ स्वतः प्रतिभावंत कवी. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी स्वतंत्र टीका लिहिलेली. ज्ञानेश्वरीत चार ओव्या आपल्या घालण्याचे सामर्थ्य त्या काळी कोणात असेल, तर ते त्यांच्यात. त्यांनी नेमके तेच केले नाही. उलट, या ग्रंथात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो, अशा अर्थाची ताकीद त्यांनी पुढच्यांना दिली. ज्याला भर घालता आली असती त्याने जपणूक पत्करली. विश्वस्तपणाचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

तरीही अभ्यासक म्हणून एक खंत बोलून दाखवली पाहिजे. नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणते पाठ स्वीकारले आणि कोणते गाळले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्या मते नाथपूर्व असलेली ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तेव्हापासून मूळ पाठाचा वाद चालत आला. त्याचे मूळ बऱ्याच अंशी या अनुपस्थित नोंदीत आहे. सोळाव्या शतकातील संताकडून आधुनिक पाठचिकित्सेची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल, हे मान्य. परंतु विश्वस्ताची निष्ठा कितीही निर्मळ असली तरी मागची आवृत्ती हाताशी नसेल, तर पुढच्या पिढीला केवळ विश्वास ठेवावा लागतो. पडताळून पाहता येत नाही. स्टॉकहोमच्या व्यापारी संस्थेने सोय म्हणून जे केले, त्याचे मोल इथे कळते.

दुसरे हस्तांतर भावार्थरामायणाचे. नाथांचा हा अखेरचा मोठा ग्रंथ. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत त्यांनी तो लिहिला आणि शके १५२१ मध्ये देह ठेवला. पुढचे युद्धकांड आणि संपूर्ण उत्तरकांड लिहिले त्यांच्या घरी वाढलेल्या गावबाने. परंपरेने गावबाचे जे चित्र रेखाटले आहे ते सर्वांना माहीत आहे: पुरणपोळीसाठी नाथांकडे येऊन राहिलेला, मंद समजला गेलेला, ‘एकनाथ’ या नावापलीकडे दुसरा मंत्र न जाणणारा मुलगा. ग्रंथ अपुरा राहणार म्हणून जाणते लोक हळहळू लागले, तेव्हा नाथांनी या मुलाकडे बोट दाखवले, असे आख्यायिका सांगते. आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी ग्रंथ उरतोच. तो पूर्ण झाला आणि पुढच्या अध्यायांवरही नाममुद्रा नाथांचीच राहिली.

गावबाचे आपण काय केले? वाङ्मयेतिहासात त्याला एक वाक्य दिले. कीर्तनात पुरणपोळीची गोष्ट दिली. त्याने लिहिलेल्या भागाची शैली, त्याची प्रतिमासृष्टी, गुरूच्या भाष्यपद्धतीपासून तो कुठे सरकतो आणि कुठे तिलाच अधिक घट्ट धरतो, याचा विचार आपल्या अध्यापनात जवळजवळ नसतो. ‘नाथांसारखेच लिहिले’ हे आपल्या लेखी त्याचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. दुसऱ्याचे अर्धे काम पुरे करणे हीच एक स्वतंत्र वाङ्मयीन कृती आहे. तिला वेगळ्या कसोट्या लागतात. माझे मत असे, की आरंभकर्त्याची पूजा करता करता आपण पुढे नेणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच कमावली नाही. त्याचे परिणाम पोथीपुरते मर्यादित राहिले नाहीत. आपल्या वाङ्मयीन संस्थांनाही ते भोगावे लागले.

अपवाद आहेत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभे केले आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेच त्याचे प्रमुख संपादक होते. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थांच्या मागे मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड अशा अगदी भिन्न प्रकृतीच्या व्यक्तींनी ही धुरा वाहिली. रेगे तत्त्वज्ञ, जाधव समीक्षक, वाड या बालसाहित्यासाठी परिचित. तरीही खंड हाती घेणाऱ्याला संपादक बदलल्याचा धक्का बसत नाही. कारण उघड आहे. परिभाषा आधी निश्चित झाली होती, नोंदींची शिस्त ठरली होती आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव देण्याची प्रथा होती. तर्कतीर्थांची विद्वत्ता दुसऱ्याला देता येण्याजोगी नव्हती, पण त्यांची पद्धत देता आली. सोपवता येते ते एवढेच, आणि ते पुरेसे असते.

नियतकालिकांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठीण होतो. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले. आमच्या शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून उगवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांच्या पिढ्यांना पहिली जागा दिली. मार्च २०१८ मध्ये गंगाधर पानतावणे गेले, तेव्हा सुमारे अर्ध्या शतकाचे संपादन त्यांच्या नावावर होते. अर्धे शतक एकाच खांद्यावर ओझे असणे ही त्या खांद्याची थोरवी आहे, यात शंका नाही. पण त्याच वेळी तो आपल्यासाठी, म्हणजे भोवतीच्या लेखक, प्राध्यापक आणि वाचक मंडळींसाठी, एक अवघड प्रश्नही आहे. आपण त्या खांद्यावरून काही उतरवून घेतले का? संपादकाकडे लेख पाठवणारे शेकडो असतात, मुद्रिते तपासायला येणारे किती असतात?

याउलट ‘साधना’ पाहा. साने गुरुजींनी ऑगस्ट १९४८ मध्ये ते सुरू केले आणि दोन वर्षेही पुरी होण्याआधी, जून १९५० मध्ये, ते गेले. संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावरच जगणारे पत्र असते तर तिथेच संपले असते. पुढे यदुनाथ थत्ते यांनी त्याला दीर्घकाळ वळण दिले. १९९८ पासून नरेंद्र दाभोलकर संपादक होते. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर विनोद शिरसाठ यांनी सूत्रे घेतली. हस्तांतराची याहून क्रूर वेळ कल्पिता येत नाही. तरी अंक निघत राहिले. पत्र गुरुजींच्या काळात होते तसे राहिले नाही, राहू नये. त्यातले ललित कमी झाले, वैचारिक वाढले अशी तक्रार कोणी करू शकेल. पण तक्रार करायला अंक हातात असावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. वाङ्मयीन नियतकालिक म्हणजे एका संवेदनशीलतेचे अपत्य. ती संपली की ते संपावे, उगाच नाव ओढत नेऊ नये. हा विचार मला काही प्रसंगी पटतो. निष्प्राण चालू ठेवण्यापेक्षा सन्मानाने थांबणे बरे. परंतु थांबण्याचा निर्णय घेणे वेगळे आणि कोणी तयारच केला नाही म्हणून थांबावे लागणे वेगळे. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरे घडते आणि आपण त्याला पहिल्याचे नाव देतो.

हे मी कोरड्या उपदेशाने लिहीत नाही. विभागाच्या भित्तिपत्रकाचे आणि वार्षिकाच्या मराठी विभागाचे काम मी चौदा वर्षे सांभाळले आणि गेल्या जूनमध्ये एका तरुण सहकारी बाईंकडे दिले. “हवे ते बदला,” असे मी मोठ्या मनाने म्हणालो होतो. त्यांनी पहिल्याच अंकात भित्तिपत्रकाचे नाव बदलले आणि कवितांची जागा निम्म्यावर आणून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या कामाधंद्याच्या नोंदी छापल्या. त्या रात्री मी त्यांना फोन केला. काय बोललो ते इथे सांगण्याजोगे नाही, ऐकून घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, “सर, जुने अंक कपाटात नीट लावून ठेवले आहेत.” दुसऱ्या दिवशी कपाट उघडून पाहिले. चौदा वर्षांत मला जे जमले नव्हते ते त्यांनी केले होते: अंक वर्षवार लावलेले, प्रत्येकात लेखकांची सूची. नोंदी वाचल्या. त्यांतल्या तीन-चार माझ्या काळातल्या कवितांपेक्षा सरस होत्या, हे कबूल करायला मला आणखी एक आठवडा लागला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आता मी उत्तर देऊ शकेन असे वाटते. खेळ असो, पोथी असो वा अंक, ज्याच्या हाती तो आज आहे त्याचा तो असतो. मात्र मागच्याची प्रत जपून ठेवण्याची आणि पुढच्यासाठी वाट मोकळी करण्याची अट त्या मालकीला जोडलेली असते. यंदा भावार्थरामायण शिकवताना मी आरंभ पंचेचाळिसाव्या अध्यायापासून करणार आहे. गावबापासून.