रामराज्यातला धोबी

विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन गोष्टींपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गांधीजींनी तो १९४४ साली जुहूला पाहिला. आणि प्रेम अदीब व शोभना समर्थ यांच्या राम-सीतेच्या तसबिरी घरोघर पुजल्या गेल्या. दोन्ही गोष्टी चित्रपटाबाहेरच्या आहेत. समीक्षेने तेवढ्यावर समाधान मानावे याला आम्ही आळस म्हणतो.

नाव ‘रामराज्य’ आणि कथा उत्तरकांडाची. रावण मारला गेला, सिंहासन मिळाले, आणि त्या राज्याचा सर्वांत लक्षात राहणारा निर्णय कोणता, तर गर्भवती राणीला अरण्यात सोडणे. चित्रपट आला त्या सुमारास बेचाळीसचे आंदोलन दडपले गेले होते, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. हे नाव कोणत्या स्वप्नाचे, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्या नावाखाली सीतात्याग दाखवणाऱ्याला फार अवघड प्रश्न विचारता आला असता. आमची तक्रार अशी की प्रश्न नीट उभा राहण्याआधीच उत्तर म्हणून एक धोबी पुढे केला गेला.

चित्रपट वाल्मीकीचे नाव सांगतो. वाल्मीकीच्या नावावर असलेल्या उत्तरकांडात मात्र धोबी नाही. तिथे भद्र रामाला सांगतो, की चौकांत, बाजारांत, रस्त्यांवर, वनांत, उपवनांत लोक हेच बोलत आहेत: राजाने असे केले तर आम्हांलाही आमच्या बायकांचे असे सहन करावे लागेल. हे अवघ्या नगराचे बोलणे आहे. त्यात प्रतिष्ठित आले, गृहस्थ आले, आपल्यासारखे शहाणेही आले. भवभूतीनेही ‘उत्तररामचरिता’त दुर्मुखाच्या तोंडून जनापवादच रामाच्या कानी घातला, कुणा एका जातीला त्याने आरोपी केले नाही.

कुणी म्हणेल, धोबी विजय भट्टांनी शोधला नाही, तो पद्मपुराणात आहे, लोककथांत आहे. मान्य. पण परंपरेत अनेक पाठ असताना नेमका कोणता उचलायचा, ही निवड असते आणि निवडीचा जाब विचारता येतो. या निवडीने काय साधले ते पाहावे. नगरभर पसरलेला संशय एका झोपडीत कोंडला गेला. अयोध्येच्या माड्या स्वच्छ राहिल्या. बायकोला घराबाहेर काढणारा अडाणी माणूस एकीकडे, आणि तेच करूनही कर्तव्याच्या दुःखाने झुरणारा राजा दुसरीकडे, अशी वाटणी झाली. कृती एकच, एकाची ती हीनता ठरली, दुसऱ्याचा त्याग.

सरस्वतीबाई राणे यांचा भीमपलास कानी पडला की हे सारे मागे पडते, हेही खरे, आमचेही पडते. पौराणिकपट असाच काम करतो. म्हणूनच त्याला ‘भोळा भक्तिपट’ म्हणून बाजूला सारणारे प्राध्यापक आणि त्यापुढे हात जोडणारे प्रेक्षक आम्हांला एकाच पंगतीत बसलेले दिसतात: चित्रपट कुणीच वाचत नाही.

‘उत्तररामचरित’ शिकवताना सीतेवर झालेल्या अन्यायाची चर्चा वर्गात होते. त्याच तासाला विद्यार्थ्यांना विचारावे, की सीतेवर संशय कुणी घेतला. बहुतेक जण ‘धोब्याने’ म्हणतील.