शेतीविद्येचें विषयवार दप्तर हवें

इंटरनेटवर शेतीची माहिती नाहीं, अशी तक्रार आज कोणी करणार नाहीं. माहिती इतकी आहे कीं, हवी ती वेळेवर हातीं लागत नाहीं, हीच खरी अडचण आहे. तीवर विद्वानांनीं योजिलेला उपाय म्हणजे विषयवार पोर्टल. म्हणजे एका विषयाचे विश्वसनीय प्रबंध, लेख व अहवाल जाणत्यांनीं निवडावे, प्रत्येकाखालीं थोडक्यांत वर्णन लिहावें व ते एका ठिकाणीं लावून ठेवावे. शेतीविद्येचें असें पोर्टल मराठींत असावें, आणि त्याची मागणी आपण शेतकऱ्यांनींच करावी, असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, शोधयंत्रास एक शब्द दिला कीं क्षणांत हजारों पानें पुढें येतात. मग ही यातायात कशाला? याचें उत्तर 'करपा' या एका शब्दांत आहे. भातावरील करपा, कांद्यावरील जांभळा करपा व बटाट्यावरील उशिरा येणारा करपा, हीं नांवें सारखीं, पण रोग तीन. पहिला मॅग्नापोर्थेमुळें, दुसरा अल्टरनेरियामुळें व तिसरा फायटोप्थोरामुळें होतो. आणि हा फायटोप्थोरा तर शास्त्रदृष्ट्या खरी बुरशीच नव्हे. म्हणून त्यावर चालणारें मेटॅलॅक्झिल भाताच्या करप्यावर चालत नाहीं. नुसता शब्द जुळवून औषध आणणाऱ्याचा पैसाही जातो व पीकही जातें.

याच्या उलटही घडतें. तुरीस हिंदींत अरहर, इंग्रजींत पिजन पी किंवा रेड ग्रॅम व शास्त्रांत कजानस कजान म्हणतात. एका नांवानें शोधणाऱ्यास दुसऱ्या नांवाखालचें संशोधन दिसेलच असें नाहीं. याकरितां संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें ॲग्रोव्होक नांवाचा शब्दसंग्रह तयार केला आहे. त्यांत प्रत्येक कल्पनेस एक खूण देऊन तिच्याखालीं अनेक भाषांतील नांवें मांडिलीं आहेत.

महसुली दप्तर हाताळलेल्या मनुष्यास यांत नवल वाटणार नाहीं. जमिनीचा शोध मालकाच्या नांवावरून घेऊं गेल्यास एका गांवांत त्याच नांवाचे चौघे निघतात. गट नंबर सांगितला कीं घोटाळा मिटतो. विषयसंज्ञा हा ज्ञानाचा गट नंबर होय.

मात्र दप्तर लावणें एक, व तें राखणें दुसरें. ब्रिटनमधील विद्यापीठांच्या सहकार्यानें २००६ सालीं इंट्यूट नांवाचें मोठें पोर्टल उभें राहिलें. त्यांत जाणत्यांनीं निवडलेल्या संकेतस्थळांचीं वर्णनें होतीं. पुढें अनुदान थांबलें आणि २०११ सालीं त्यांत नवी भर पडणें बंद झालें. यावरून अशीं पोर्टलें निरुपयोगी असा निष्कर्ष कोणी काढतील, तो आम्हांस मान्य नाहीं. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, जुनीं पानें नाहींशीं होतात; म्हणून दप्तरास कायमचा कारकून लागतो, एवढाच बोध यांतून घ्यावयाचा. उद्घाटनाचा खर्च करून पगाराचा न करणें म्हणजे विहीर खणून मोट न बांधणें होय.

आपल्या राज्यांत राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या आश्रयाखालील 'कृषिकोश' या भांडारांत देशांतील कृषि विद्यापीठांचे प्रबंध पाहावयास मिळतात. पण ते बहुतेक इंग्रजींत, आणि विद्यार्थ्याच्या सोयीनें लाविलेले. जनतेच्या पैशानें झालेलें हें संशोधन ज्याच्या शेतासाठीं झालें, त्यासच त्याची वाट ठाऊक नाहीं.

तेव्हां चारही विद्यापीठांनीं मिळून पीकवार व पिकाखालीं अडचणवार असें मराठी पोर्टल करावें. प्रत्येक प्रबंधाखालीं पांच-सात ओळींचा सारांश, प्रयोगाचें ठिकाण व वर्ष द्यावें. कारण कोंकणांतला प्रयोग मराठवाड्यांत जसाच्या तसा लागू पडत नाहीं. आणि हें काम करणाऱ्यांचीं पदें कायम असावीं. यांत आपलाही वाटा आहे. रोग, कीड व तण यांचीं नांवें तालुक्यागणिक बदलतात आणि तीं कोणत्याही प्रबंधांत सांपडत नाहींत. सभासदांनीं आपापल्या गांवचे शब्द लिहून संस्थेकडे धाडावे, व संस्थेनें येत्या वार्षिक सभेंत या मागणीचा ठराव मांडून त्या यादीसह चारही विद्यापीठांकडे पाठवावा, अशी आमची विनंती आहे.