पायाखालचा इतिहास

कोल्हापूरला येणाऱ्या शालेय सहलींचा क्रम वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे. सकाळी अंबाबाईचे दर्शन, मग रंकाळा, टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय, दुपारी पन्हाळा आणि वेळ उरल्यास जोतिबा. मुले देवदर्शन घेतात, शिवरायांच्या सुटकेची हकिगत ऐकतात आणि संध्याकाळी गाडीत बसतात. परंतु ज्या दगडाचे मंदिर झाले आणि ज्या कातळावर गड उभा राहिला, त्या दगडाविषयी त्यांना कोणी चार शब्दही सांगत नाही.

वास्तविक कोल्हापूरचा दगड बोलका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट एकामागून एक बाहेर पडले आणि थिजले. त्यांचाच आजचा दख्खनचा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. अंबाबाईच्या आणि खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या मंदिराचा काळा पाषाण हाच. रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. घाटात कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंडावल्यानंतर दुसरा येईपर्यंत गेलेल्या दीर्घ काळाची ती खूण होय.

पन्हाळ्यावर चढताच दगडाचा रंग पालटतो. तेथे जांभा लागतो. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी काळ्या कातळातील वाळूचा अंश युगानुयुगे धुवून नेला. मागे लोह आणि अॅल्युमिनियम यांची संयुगे उरली. जवळचे मसाईचे पठारही याच जांभ्याचे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकण थरावर अडते आणि डोंगराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. हेच पाणी अतिवृष्टीत उतार ढिले करते.

जुलै २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक तुटली, तेव्हा पुष्कळांना तो निव्वळ दैवी कोप वाटला. पन्हाळा २०२५ मध्ये मराठ्यांच्या अन्य दुर्गांसमवेत जागतिक वारसा यादीत गेला. आता तेथे वाढणारी गर्दी, रस्ते आणि बांधकामे डोंगराला कितपत पेलतील, हा प्रश्न अभियंत्यांवर सोपवून नागरिकांना मोकळे होता येणार नाही. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतील पठारांत बॉक्साइट आहे. त्याच्या खाणींतून रोजगार आणि धातू मिळतो हे खरे. पण जांभ्याचे टोपण उचलले की त्याखालच्या झऱ्यांचे काय होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्याचा निवाडा करायचा तर दोन्ही बाजू समजण्याइतके भूज्ञान समाजात असावे लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरही पायाखालच्या जमिनीविषयी या भागाने उदासीन राहावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

ही उणीव भरून काढण्याचे स्वाभाविक स्थान विद्यापीठ हेच आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने वि. स. खांडेकरांच्या स्मृती संग्रहालयरूपाने जपल्या. त्याच आवारात जिल्ह्याच्या दगडमातीला वाहिलेले, सुटीच्या दिवशीही खुले असणारे एक दालन प्रत्येक सहलीचा पहिला थांबा व्हावे. त्यासाठी मोठा खर्च नको. काळा कातळ, जांभा, बॉक्साइट, तांबडी माती, कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक, पंचगंगेच्या खोऱ्याचा उठावाचा नकाशा आणि प्रत्येक नमुन्यापुढे स्वच्छ मराठीत पाच ओळी एवढे पुरेसे आहे. महत्त्वाचे हे की, नमुने कुलूपबंद कपाटात न राहता काही तरी मुलांच्या हाती पडावेत.

दगड पाहायला कोण येणार, असा आक्षेप निघेल. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची चिमुकली मूर्ती पाहताना, रोमन जगाशी या गावाचा व्यापार होता हे कळताच मुले थबकतात. हकिगत कळली की वस्तूला मोल येते, आणि दगडाला हकिगत नाही असे नाही. सिन्नर येथे खासगी प्रयत्नातून उभे राहिलेले गारगोट्यांचे संग्रहालय हेच सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात तर गारगोटी नावाचे गावच आहे. तेथील विद्यार्थ्याला गारगोटी म्हणजे काय हे हाती घेऊन पाहता येऊ नये, हा विरोधाभास दूर करणे कठीण नाही.

दालन उभे राहीपर्यंत शिक्षकांनी थांबण्याचेही कारण नाही. पुढच्या सहलीत पन्हाळ्याच्या पायथ्याशी आणि माथ्यावर गाडी थांबवून दोन जागचे दगड मुलांना शेजारी शेजारी दाखवावेत, आणि रंग का पालटला, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तराच्या शोधात निघालेला विद्यार्थी उद्या डोंगर फोडताना दहा वेळा विचार करील.