पॅन्टोमाइम, मूकनाट्य आणि सोंग

'पॅन्टोमाइम म्हणजे मूकनाट्य' हे समीकरण मराठी नाट्यविचारात इतके मुरले आहे की, त्याची तपासणी करण्याची गरजही कोणाला भासत नाही. पदव्युत्तर वर्गातील टिपणांत आणि नाट्यपरीक्षणांत ते निमूटपणे वावरत असते. हे समीकरण चुकीचे आहे. शिवाय ही चूक केवळ कोशगत नाही. तिच्यामागे अभिरुचीचे एक राजकारण आहे.

मूळ ग्रीक 'पॅन्टोमिमोस' या शब्दात मौनाचा मागमूस नाही. 'सर्वांचे अनुकरण करणारा' असा त्याचा अर्थ आहे आणि तो नाट्यप्रकाराचा नव्हे, तर नटाचा निर्देश करतो. मराठीत त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा शब्द उपलब्ध होता : बहुरूपी. ऑगस्टसच्या काळात रोममध्ये पिलाडीस आणि बॅथिलस यांनी जो प्रकार गाजवला, त्यात मुखवटा धारण केलेला नट बोलत नसे, हे खरे. परंतु त्याच्यासाठी गायकवृंद गात असे आणि वाद्ये वाजत असत. रंगमंच मुका नव्हता. वाणी दुसऱ्याच्या मुखी सोपवलेली होती. ही रचना समजून घेण्यासाठी मराठी अभ्यासकाने रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तेथेही पदे सूत्रधार म्हणत असे, पात्रे त्यांबरहुकूम अभिनय करीत आणि मधूनमधून उत्स्फूर्त भाषणे होत. पुढच्या सुशिक्षितांनी या नाटकांना 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' म्हणून हिणवले, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही.

मग मौन आले कोठून? १७३७ च्या परवाना कायद्यानंतर लंडनमध्ये संवादयुक्त नाटकाचा अधिकार मोजक्या राजमान्य नाट्यगृहांपुरता राहिला. इतरांना संगीत आणि हावभाव यांचा आश्रय घ्यावा लागला. पॅरिसमध्ये देब्युरोचा नि:शब्द पिएरोही अशाच निर्बंधांच्या छायेत वाढला. म्हणजे ज्याला आपण कलेचे व्यवच्छेदक लक्षण मानतो, ते बऱ्याच अंशी सरकारी मुस्कटदाबीचे अपत्य आहे. १८४३ मध्येच (भाव्यांच्या नाटकाचे वर्षही तेच, हा निव्वळ योगायोग) इंग्लंडमधील ही मक्तेदारी संपली आणि पॅन्टोमाइम मोकळेपणाने बोलू लागला. आजचा ब्रिटिश पॅन्टोमाइम नाताळात होतो आणि त्यात गाणी, कोट्या व स्थानिक पुढाऱ्यांची टवाळी असते. प्रेक्षक ओरडून उत्तरे देतात आणि थोराड बाईची भूमिका पुरुष करतो. गवळणीतील मावशी ज्याने पाहिली आहे, त्याला हे पात्र परके वाटू नये. तरीही आपल्या समीक्षेला पॅन्टोमाइम म्हटले की पांढऱ्या चेहऱ्याचा मार्सेल मार्सो आठवतो. तमाशातील मावशी आठवत नाही!

येथेच अभिरुचीचे राजकारण उघडे पडते. इंग्रजी भाषक एखाद्या दिखाऊ राजकीय प्रकाराला तुच्छतेने 'पॅन्टोमाइम' म्हणतो; आपल्याच लोकप्रिय कलेची तो शिवी करतो. मराठीत शब्द आला तो ही हेटाळणी मागे ठेवून, केवळ प्रतिष्ठा घेऊन. हेटाळणी वाहण्यासाठी आपल्याकडे तमाशा आणि सोंग होतेच. सभागृहात गोंधळ झाला की त्याचा 'तमाशा' होतो. मूकनाट्य कधी होत नाही. अर्थाच्या क्षेत्रातही अशी वर्णव्यवस्था नांदते. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी आहे; नाट्यशास्त्राच्या परिभाषेत मात्र त्याला जागा नाही.

उमरग्यासारख्या गावाची भाषा या संदर्भात परिभाषाकारांपेक्षा अधिक जाणती ठरते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेले हे गाव. येथील बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकमेकींच्या अंगणात ये-जा करतात. मराठी 'सोंगा'च्या शेजारी कन्नड 'सोगु' उभा आहे. बहुरूप्याच्या शेजारी 'हगलुवेषगार', म्हणजे दिवसाढवळ्या वेष घेणारा. येथील आई शाळा चुकवणाऱ्या मुलाला 'सोंगं करू नको' म्हणते, तेव्हा त्या शब्दात मुद्रा, कण्हणे, लंगडणे, रडवेला स्वर असे सर्व काही अभिप्रेत असते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हणही अनुकरणाची मर्यादा सांगते. अभिनयाविषयी इतके नेमके विधान किती समीक्षाग्रंथांत सापडेल?

रूढी बलवत्तर असते, असा आक्षेप येईल. परंतु रूढी कोणाची? 'मूक' या शब्दाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले, तेव्हा ज्यांची वाचा हिरावली गेली त्यांचा निर्देश त्यात होता. लादलेले मौन आणि स्वीकारलेले मौन यांतील भेद ज्या भाषेला इतका ठाऊक आहे, तिने कायद्याने लादलेले मौन कलेचा धर्म म्हणून पत्करावे, हे विचित्र आहे.

मार्सोच्या परंपरेसाठी 'मूकाभिनय' हा शब्द पुरेसा आहे. युवक महोत्सवांत माइमसाठी तो वापरलाही जातो. तो राहू द्यावा. पॅन्टोमाइमसाठी मात्र 'सोंगनाट्य' ही संज्ञा स्वीकारण्यास हरकत कोणती? हरकत एकच संभवते : सोंग म्हटले की वासुदेव, रायरंद आणि सोंगाड्या वर्गात येऊन बसतील. उमरग्याहून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या ते ओळखीचे असतात. त्याच्या अभ्यासक्रमाच्या मात्र नसतात.